शेजारी बसणारी बाई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९५६ सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या शिकागो शहराजवळ एल्महर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या बागेत चर्चच्या मंडळींची कौटुंबिक सहल आली होती. मेरी व्हाइट आणि मेरियन टॉम्पसन या दोघी एका झाडाखाली आपापल्या बाळांना अंगावर पाजत बसल्या होत्या. आपल्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पण त्या सहलीत ते नवलाचं ठरलं. एकेक बाई त्यांच्याजवळ येऊन सांगू लागली की, मलाही पाजायचं होतं, पण दूधच आलं नाही, डॉक्टर म्हणाले बाटली द्या, आई म्हणाली आमच्या वेळी कुणी पाजत नसे. सगळ्या शिकल्यासवरलेल्या, खात्यापित्या घरच्या बायका. आणि त्यांना विचारायला एकही माणूस नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रँकलिन पार्क इथे मेरी व्हाइट यांच्या घरी पहिली बैठक भरली. संस्थापक सात जणी, सगळ्या आया. संस्थेला नाव काय द्यायचं यावर अडलं, कारण 'स्तनपान' हा शब्द तेव्हा अमेरिकी वर्तमानपत्रं सभेच्या जाहिरातीतसुद्धा सहजी छापत नसत. फ्लोरिडात सेंट ऑगस्टिन गावी मेरी मातेचं एक जुनं स्पॅनिश देवस्थान आहे. दुधाची आणि सुखरूप बाळंतपणाची माउली म्हणून बायका तिथे जातात. स्पॅनिशमध्ये दुधाला 'लेचे' म्हणतात. म्हणून नाव ठरलं 'ला लेचे लीग'. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि छापणाऱ्याची अब्रूही शाबूत राहील!

आईनं आईला शिकवायचं, एवढंच या संस्थेचं काम. आज आपण ज्या बाईला 'स्तनपान समुपदेशक' असं भारदस्त नाव देतो, तिच्या आधुनिक इतिहासाची एक मोठी वाट या बैठकीच्या खोलीतून निघते. पण तिची गरज मुळात का पडली, ते आधी पाहायला हवं. बाईचं दूध तर कुठे गेलं नव्हतं. गेली होती ती तिच्या शेजारी बसणारी बाई.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र जोरात होतं. युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६० च्या दशकात आईच्या दुधाला पर्याय म्हणून बाळाचं अन्न बनवलं. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये आंरी नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची भुकटी बाजारात आणली. ज्या बाळांना आई नव्हती त्यांच्यासाठी हे वरदानच होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण डबा एकदा बाजारात आला की त्याला गिऱ्हाईक लागतं, आणि बिनआईची बाळं काही तेवढी नसतात.

दुसरीकडे घड्याळ आलं. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी १९०७ साली मातांसाठी एक संस्था काढली. गंमत अशी की हे गृहस्थ आईच्या दुधाचे कट्टर कैवारी. पण शिस्तीचेही तितकेच कट्टर. बाळाला दर चार तासांनी पाजायचं, मध्ये रडलं तरी उचलायचं नाही, रात्री तर नाहीच, अशी त्यांची शिकवण जगभर पसरली. तिचा परिणाम त्यांच्याच हेतूच्या उलट झाला. कारण अंगावरच्या दुधाचा हिशेब घड्याळाचा नाही, मागणीचा आहे. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं, रात्री तर जास्तच. चार-चार तास बाळाला दूर ठेवलं की दूध कमी होतं. मग बाळ रडतं, मग बाटली येते, बाटलीनं पोट भरलेलं बाळ आणखी कमी ओढतं आणि आईचं दूध आणखी घटतं. शेवटी सगळे म्हणतात, हिला दूधच नाही. मोठ्या इस्पितळांत बाळं आईपासून वेगळ्या खोलीत, काचेपलीकडे ठेवायची पद्धत पडली, ती याच्या भरीला. १९५६ च्या सुमाराला अमेरिकेत इस्पितळातून घरी जाणाऱ्या पाच बाळांतलं जेमतेम एक बाळ फक्त आईच्या दुधावर होतं.

बाईजवळ बाईच बसायला हवी, ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी ओळखली ती डबेवाल्या कंपन्यांनी. आग्नेय आशियात, आफ्रिकेत त्यांनी पांढऱ्या पोशाखातल्या बायका प्रसूतिगृहांत आणि घरोघर पाठवल्या. दिसायला नर्स, कामाला विक्रेती. जवळ बसायचं, बाळाचं कौतुक करायचं आणि जाताना एक डबा फुकट ठेवून जायचं. तो डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असे. पुढचा डबा विकत घ्यायचा, तो गरिबाला परवडत नाही, म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त, आणि पाणीही कुठलं तर गटाराकाठच्या नळाचं. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई तेव्हा सिंगापुरात होत्या. १९३९ साली तिथल्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केलं, त्याचा मथळाच होता 'दूध आणि खून'. बाळांच्या अशा मृत्यूंना खून म्हणा, असं त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांच्या तोंडावर सांगितलं. जगाला ते ऐकू यायला चाळीसेक वर्षं लागली. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेत या डब्यांच्या विक्रीवर बंधनं घालणारी आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतानं मंजूर झाली. विरोधातलं ते एकटं मत अमेरिकेचं होतं. म्हणजे ज्या देशात त्या सात जणी बसून बायकांना पाजायला शिकवत होत्या, त्याच देशाचं.

त्या सात जणींविषयी माझ्या मनात आदर आहे, पण भाबडेपणा नाही. १९५८ साली त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून सुट्या पानांचं एक पुस्तक काढलं, ते पुढे लाखांनी खपलं. बैठकीत बाई आपलं बाळ घेऊन यायची, दुसरीचं पाहून शिकायची. अडलं तर रात्री-अपरात्री फोन करायची. तुम्ही आई आहात आणि तुम्ही पाजलं आहे, एवढी पात्रता पुरेशी, हा विचार डॉक्टरांच्या त्या जमान्यात फार धिटाईचा होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोरची आई घरात राहणारी होती. नवरा कमावता, घरात फोन, दाराशी गाडी. ज्या बाईला पोटासाठी बाहेर पडायचं आहे, किंवा घरात बसूनच नगावर मजुरी करायची आहे, तिच्यासाठी त्यांच्याजवळ सुरुवातीला फारसं काही नव्हतं. तिच्यासाठी तिच्यासारखीच बाई लागणार होती.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे आजी होती, सुईण होती, आपल्याला या अमेरिकी उठाठेवी कशाला? हा अभिमान थोडा तपासून घ्यावा. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, मोजून काही चमचे. बाळाला रोगांपासून वाचवणारं जे काही आई देऊ शकते, ते त्यात सर्वांत जास्त. आणि तोच आपल्या कितीतरी घरांत पिळून टाकून देत. तो जड असतो, बाधतो, शिळा असतो अशी समजूत. त्याऐवजी बाळाच्या तोंडात काय, तर मध, गुळाचं पाणी, गुटी, गाईचं दूध बोंडल्यानं. आमच्या मुसलमान घरांत जाणत्या माणसानं खजूर चावून त्याचा कण बाळाच्या टाळूला लावायची रीत आहे. तिच्यामागची भावना सुंदर आहे. पण कणाची बोटभर होते, आणि खजुरानंतर मध येतो, आणि मग तीन दिवस आईचं दूध राहूनच जातं. कुराणात आईनं पुरती दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख आहे. पैगंबरांना लहानपणी पाजणाऱ्या हलीमाबाईंचं नाव आमच्यात आदरानं घेतात. एका बाईचं दूध प्यायलेली मुलं दूधभावंडं होतात, त्यांच्यात सोयरीक होत नाही, इतका दुधाचा मान. तरीही चीक टाकून देणारे हात आमच्यातही होतेच. परंपरा म्हणजे एकजिनसी गोष्ट नसते. तिच्यात शहाणपण असतं आणि त्याच गाठोड्यात मधाची वाटीही असते.

महाराष्ट्रात पाजणाऱ्या आईचं नाव काढलं की हिरकणी आठवते. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, दिवेलागणीला दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली, अशी ती कथा. एसटी स्थानकांवर आईला बाळ पाजण्यासाठी जी खोली असते, तिलाही आपण हिरकणी कक्ष असं नाव दिलं. मला ही कथा आवडते, पण ती पुरेशी वाटत नाही. त्यात आई एकटी आहे, आणि एकटी आहे म्हणूनच आपण तिचं कौतुक करतो. बाळंतिणीला बुरूज बांधून देणारे खूप मिळतात. तिसऱ्या रात्री दूध साकळून छातीत दगड झालेले असताना कोमट पाण्याचा फडका आणून देणारी आणि थोडं दूध हातानं कसं काढून टाकायचं ते सांगणारी मिळत नाही.

अशी बाई तयार करता येते का, आणि तिचा उपयोग मोजता येतो का, हे १९९० च्या दशकात दोन ठिकाणी तपासलं गेलं. पहिलं ठिकाण मेक्सिको शहराच्या कडेची सान पेद्रो मार्तिर ही वस्ती. तिथे ला लेचे लीगच्या मेक्सिकोतल्या शाखेनं वस्तीतल्याच बायकांना शिकवलं. ज्या आयांकडे या बायका सहा वेळा गेल्या, त्यांतल्या ६७ टक्के जणी तीन महिन्यांनंतरही बाळाला फक्त अंगावरचं दूध देत होत्या. तीन वेळा गेल्या तिथे ५० टक्के. कुणीच गेलं नाही तिथे १२ टक्के.

दुसरं ठिकाण ढाका. डॉ. रुखसाना हैदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वस्त्यांतल्या, थोडं शिकलेल्या, स्वतः बाळाला पाजलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्या प्रत्येक आईच्या घरी पंधरा वेळा गेल्या. दोनदा बाळंतपणाआधी, तीनदा लगेच नंतर आणि मग दर पंधरवड्याला. पाच महिन्यांनी पाहिलं तर फक्त अंगावरचं दूध देणाऱ्या ७० टक्के. जिथे कुणी गेलं नाही तिथे ६ टक्के. २००० साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सत्तर आणि सहा! औषध नाही, यंत्र नाही, लस नाही. एक शेजारीण पंधरा वेळा येऊन बसली, एवढंच.

हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तो सोलापुरात, एका महिला मंडळाच्या प्रशिक्षणात. २००६ ची गोष्ट. मी बीए झालेली, कविता लिहिणारी, दोन मुलांची आई. मंडळाला मोहल्ल्यात दार उघडलं जाईल अशी बाई हवी होती. पुढे सहा वर्षं मी ते काम केलं. वस्तीत मला 'दूधवाली आपा' म्हणायचे. पुरुष थट्टेनं म्हणायचे, बायका कामानं.

त्या प्रशिक्षणातली एक गोष्ट मला कवितेपेक्षा अवघड गेली. काही शब्द वापरायचे नाहीत, असं तिथे शिकवत. 'पुरतं का', 'नीट', 'चांगलं', 'बरोबर' हे ते शब्द. 'दूध पुरतं का हो?' असं विचारलं की बाईच्या मनात पहिल्यांदाच शंका उभी राहते, पुरत नसेल तर? त्याऐवजी विचारायचं, 'बाळ रात्रीतून किती वेळा उठतं? दुपटी किती ओली होतात?' पहिले काही दिवस सरले की दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा बाळानं शू केली, तर त्याला दूध मिळतंय. वजन वाढत असेल तर नक्कीच मिळतंय. रडण्यावरून दूध मोजायचं नाही, कारण बाळ दहा कारणांनी रडतं. दुसरा नियम हात न लावण्याचा. बाळ आपण घेऊन छातीला लावून द्यायचं नाही. आईलाच करू द्यायचं. आपण फक्त बोलायचं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, तोंड मोठं उघडू द्या, नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ दे, हनुवटी छातीला टेकू दे. निम्म्या बायकांचं दुखणं एवढ्यानंच थांबायचं. चिरा पडल्या म्हणून बाटलीवर गेलेल्या कितीतरी जणींचं बाळ नुसतं तिरकं धरलेलं असायचं.

पण खरी अडचण धरण्याची नव्हती. आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायका विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि मजुरी हजारावर. बाळ पाजायला अर्धा तास बसलं की किती विड्या गेल्या, याचा हिशेब तिच्या बोटांत असायचा. कुणी बाहेरची डॉक्टरीण येऊन 'मागेल तेव्हा पाजा' म्हणाली, तर ती मान डोलवायची आणि दार लोटून घ्यायची. माझी खालाही विड्या वळायची, म्हणून मला ठाऊक होतं की पान भिजवून मऊ व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात एक पाजणं होतं. सूप बाजूला, हात साबणानं स्वच्छ धुवायचे, कारण बोटांना तंबाखू असतो. मग बाळ. पाने कापताना बाळ झोपवायचं, दोरा गुंडाळायला जावेला बसवायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आम्ही दोघी-तिघींनी बसून ठरवलं, आणि पलीकडच्या पद्मशाली गल्लीतल्या अक्कांनी त्यात भर घातली.

सासूला बाजूला सारून हे काम होत नाही. एका घरी सासूबाई दारातच म्हणाल्या, 'माझी पाच लेकरं मधावर वाढली.' मी म्हटलं, 'अम्मी, पाच वाढली, तुम्ही वाढवलीत. पण तुम्हाला कुणी सांगायला होतं का?' त्या गप्प राहिल्या. मग सहावं आणि सातवं मूल कसं गेलं ते सांगू लागल्या. तास गेला. सून आत पाजत होती. त्या दिवशी मी स्तनपानावर एक शब्द बोलले नाही.

सगळं आमच्याच्यानं होतं असंही नाही. ताप, छातीत पू, झापड आलेलं बाळ, ही दवाखान्याची कामं, आणि ती ओळखून वेळेवर पाठवणं हा आमच्या कामाचाच भाग. काही थोड्या बायकांना खरोखरच दूध येत नाही. त्यांना अपराधी वाटू नये, हेही पाहावं लागतं. या चळवळीतली काही माणसं ते विसरतात, आणि मग सल्ला देणाऱ्या बाईचीच आईला भीती वाटू लागते.

महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर या कामाची पायाभरणी चांगली होती. १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मानवी दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. स्तनपानासाठी काम करणाऱ्या डॉक्टरांचं देशव्यापी जाळं १९९१ साली वर्ध्याला उभं राहिलं. डब्यांच्या जाहिरातीला आणि फुकट नमुन्यांना आळा घालणारा कायदा १९९२ साली झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथे बालमृत्यू किती घटले ते १९९९ साली जगानं वाचलं. त्याच धर्तीवर २०११ मध्ये देशभरातल्या 'आशा' कार्यकर्तीकडे बाळंतिणीच्या घरी जाण्याचं काम आलं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे सहा भेटी, आणि त्या सगळ्या मिळून २५० रुपये. म्हणजे भेटीला चाळीसेक रुपये. यात ती बाळाचं वजन करणार, नाळ पाहणार, ताप मोजणार, कागद भरणार. सासूजवळ बसायला तिला तासभर कुठून मिळणार? ढाक्याच्या पंधरा भेटी वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा हिशेब मांडायला हवा होता.

आम्हाला मंडळाकडून रिक्षाचे पैसे मिळत. २०१२ मध्ये तेही थांबले आणि काम मोडलं. मोडण्याआधी शेवटच्या वर्षी आम्ही चार नव्या बायका शिकवल्या. त्यांतली एक विडी वळणारीच, सातवी शिकलेली. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात मी तिच्याकडे जात होते. पहिल्या दिवशी ती चटईवर अगदी मागे बसली होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, 'आपा, भेटीला जाताना माझं बाळ बरोबर नेलं तर चालेल? त्याला मध्ये पाजावं लागतं.'

मी म्हटलं, 'न्यायलाच हवं.'